ओल दाखवण्याच्या मानातून सुटका मिळण्याबाबत

प्रति,
मा. कृषी अधिकारी,
कृषी कार्यालय, वरचा मजला.

विषय : माझ्या गव्हाच्या शेताला दिलेला 'आदर्श ओलावा शेत' हा मान काढून घेण्याबाबत.
संदर्भ : बांधावरील आपली पाटी.

महोदय,

वरील विषयास अनुसरून सविनय कळवते की, आमच्याकडे पाऊस एकदा संपला की गहू कापून होईपर्यंत पुन्हा येत नाही. तोवर पीक जमिनीतल्या ओलीवर जगते. ती उडून जाऊ नये म्हणून मी व सासूबाईंनी वरची माती भुसभुशीत केली, त्यावर काडाचे आच्छादन घातले आणि शेजारणीची कोंबडीही आत येऊ दिली नाही. आपण स्वतः येऊन कौतुक केलेत. चूक तिथेच झाली.

१. पाटी लागल्यापासून पाहुणे येतात. ओल वरून दिसत नसल्याने प्रत्येकजण आच्छादन सारून हातभर खणतो, माती मुठीत दाबतो, गोळा झाला की मान डोलावतो आणि खड्डा उघडा टाकून चहाला येतो. पुढच्या पाहुण्याला त्या खड्ड्यात कोरडी माती मिळते, म्हणून तो शेजारी नवा खणतो.

२. मी खड्डे बुजवू लागले, तर आपल्या पर्यवेक्षकांनी ते 'पाहणीचे खड्डे' असल्याचे सांगून हात लावण्यास मनाई केली.

३. गेल्या पाहणीत गोळा झाला नाही. 'ओल आढळली नाही' असा शेरा मारून आपण कारण शोधण्यास समिती नेमली आहे. ती सोमवारी येऊन शेत खणणार असल्याचे कळते.

महोदय, गहू ओंबीवर आला आहे. उरलेली ओल दाणा भरण्यापुरती कशीबशी आहे. तीही गेली तर घरात वर्षाचे पीठ नाही. मला फार भीती वाटते. भीक नको पण कुत्रा आवर, अशी गत झाली आहे. (यात कुत्रा कोणासही उद्देशून नाही.)

तरी पाटी काढावी व समितीस कारण माझ्याकडून तोंडीच ऐकून घेण्यास सांगावे. उरलेल्या ओलीकडे जाणाऱ्या वाटेवर, बांधाच्या तोंडाशी, सासूबाई खुर्ची टाकून बसल्या आहेत. "खणायचं असेल तर आधी मला उचला," असे त्यांचे म्हणणे आहे. त्यांना उचलण्याची माझी हिंमत नाही. समितीत कोणाची असल्यास नाव आगाऊ कळवावे.

आपली नम्र व हवालदिल,
(सही)
टेकडीखालच्या शेताची मालकीण

दिनांक : समितीच्या आधीचा शुक्रवार

सोबत : काही नाही. पुराव्यासाठी मूठभर माती जोडणार होते, सासूबाईंनी घेऊ दिली नाही.