रडारला न दिसलेली होडी

पौषातला गुरुवार, संध्याकाळ
पुंडलिकनगर

सकाळचा तो कोरा पडदा डोळ्यांसमोरून जात नाही. जायकवाडीच्या पाण्यावर दाट धुकं होतं. बोटमालकांच्या, पर्यटकांना फिरवणाऱ्या बोटीवर नवं रडार बसवून मी चाचणी घेत होते. पडद्यावर समोर काहीच नव्हतं. आणि एकदम दहा हातांवर सलीमचाचांची मासेमारीची होडी. मालकांनी बोट कशीबशी वळवली.

चाचा जाळं धरून तसेच उभे होते. म्हणाले, "बेटी, तुझ्या त्या टीव्हीत आम्ही नव्हतो का?"

होडी लाकडाची, बुटकी. तिच्यावरून रडारच्या लहरी नीट परतत नाहीत. मला हे माहीत होतं. मग आधी का नाही बोलले?

मालक म्हणाले, "रडार चांगलंय. होडीवाल्यांनीच बाजूला राहायचं."

दुपारी वाळूजला ओळखीच्या वर्कशॉपमधून अॅल्युमिनियमचे पत्रे कापून घेतले, लहरी आल्या वाटेने परतवतील असे काटकोनात जोडले आणि परत जाऊन चाचांच्या होडीवर उंच काठीला बांधले. चाचांना बोटीवर घेऊन रडार लावलं, तर त्या कोऱ्या पडद्यावर ठिपका उमटला. चाचांनी त्या ठिपक्यावर बोट ठेवलं. मग म्हणाले, "माझा भाऊ बी असतो पाण्यात. त्याचं काय?"

तिथूनच मालकांना फोन केला. सगळ्या होड्यांना पत्रे लागल्याशिवाय चाचणीच्या कागदावर सही करणार नाही, म्हटलं. ते चिडले. दुसरा माणूस आणतो म्हणाले.

आणू देत. त्याला आधी धुक्यात चाचांच्या भावाच्या बिनपत्र्याच्या होडीत बसवीन. मग करू दे सही.