ठमकीच्या पोटातली तार

३ डिसेंबर
झालं! ठमकीच्या पोटात ट्रान्समीटर बसला. लवंगतेलाच्या पाण्यात ती गुंगली, मी चीर दिली, तीन टाके घातले, बारीक तार तेवढी बाहेर. तापीत सोडली तशी सपकन गेली. बाकी जाळ्यात येतात ते महाशीर मासे वीतभर, यंत्राचं ओझं त्यांना पेलत नाही. ठमकीसारखे मोठे फक्त घाटाखाली, कारण तिथे कुणी जाळं टाकत नाही. नाववाला जालमसिंग म्हणालाच होता — "मॅडम, आठे नको." इथले मासे देवाचे, धरायचे नाहीत म्हणे. मी हसले.

५ डिसेंबर
माशांना रोज खाऊ घालणारी गजराबाई परात घेऊन घाटाच्या पायरीवर. ठमकी हे नाव तिचंच. तिच्या हातून पिठाच्या गोळ्या खायची सवय, म्हणून तर इतकी सहज सापडली. हे तिला सांगायची हिंमत झाली नाही.
"तिना पोटम्हा तार काबं घाली वं?"
नदीत कुठवर जाते ते कळायला, म्हटलं. रिसीव्हरची टिकटिक ऐकवली.
"जित्ती शे ना?"
आहे, म्हटलं.

१४ डिसेंबर
टिकटिक एकाच जागी.

१९ डिसेंबर
अजून तिथेच, खडकाशी. मेली. माझ्या हाताने मेली! टाका सैल राहिला असेल. घाई नडली. लोणखेड्याला खोलीवर आले. अहवालात 'मृत' लिहिलं. साहेबांचा फोन — "खात्री करा. जिवंत असेल तर धरून दुसरा ट्रान्समीटर बसवा."

२२ डिसेंबर
गजराबाईला सांगून टाकलं. हेही सांगितलं की दिसलीच तर कळव, पुन्हा धरायची आहे. वाटलं, शिव्या घालेल. ती पदर तोंडाला लावून खाली बघत राहिली. "आते ती येवाव नई." एवढंच. रडले मीच! वर तिनेच मला पाणी दिलं.

२८ डिसेंबर
परात रोज आणते बिचारी. आमची जीप दिसली की झाकून ठेवते. माझ्यामुळे तिला त्या पाण्याकडे बघवत नसेल.

२ जानेवारी
जीप बंद पडली. मागच्या पायवाटेने चालत गेले. गजराबाई गुडघाभर पाण्यात, आणि तिच्या हातातून खात होती — ठमकी! कुशीवर वळली तेव्हा टाक्यांची रेघ दिसली, भरून आलेली. तार नाही. म्हणजे खडकाशी टिकटिकत होता तो नुसता गळून पडलेला ट्रान्समीटर.
"खाई ले लवकर," गजराबाई तिला सांगत होती. "जीप येई आते."
मी चपला हातात घेतल्या नि मागे फिरले. अहवालात 'मृत' आहे. राहू दे.