नागसेन यांच्या राहण्याची तजवीज

मी, देवकी नागसेन खोब्रागडे, वय एकोणसाठ, व्यवसाय शिवणकाम, राहणार हुडकेश्वर, नागपूर, लिहून ठेवते की आज माझे डोके ठिकाणावर आहे, शरीर तेवढे नाही. गेल्या वर्षी गर्भाशयाच्या कर्करोगाचे ऑपरेशन झाले आणि या उन्हाळ्यात तो पुन्हा दिसला. डॉक्टरांनी औषध दिले, भरवसा दिला नाही. हे लिहायला मला कोणी भाग पाडलेले नाही. उलट एवढी घाई कशाला, असेच सगळे म्हणतात. वकील प्रीती ताकसांडे माझ्या खाटेजवळ बसून लिहून घेत आहेत. मधे मधे मी जे बोलते तेही खोडू नका, असे मी त्यांना सांगितले आहे. याआधी मी कोणतेही मृत्युपत्र केलेले नाही.

१. हुडकेश्वर येथील घर, दोन खोल्या, स्वयंपाकघर, पडवी आणि मागचे अंगण, माझ्या एकटीच्या नावावर आहे. ते कसे झाले हे सांगणे भाग आहे. माझे पती नागसेन खापरखेड्याजवळ एका ठेकेदाराकडे फिटर होते. मजुरीवरून मारामारी झाली, त्यात ठेकेदाराचा एक माणूस मेला, आणि जे कामगार तिथे सापडले ते सगळे, नागसेनसुद्धा, धरले गेले. खटला उभा राहायलाच वर्षे गेली, ती त्यांनी तुरुंगात काढली. शेवटी कोर्टाने त्यांना निर्दोष सोडले. तोवर मुलगी भूमिका सासरी गेली होती, मुलगा प्रीतम दाढी करू लागला होता. जुन्या वस्तीत पोरांना खुन्याची पोरं म्हणत, म्हणून मी दागिने मोडून इकडे जागा घेतली होती. त्यामुळे ते सुटून आले ते अशा घरात, जे त्यांनी कधी पाहिलेच नव्हते. दिव्याचे बटण कुठे आहे, हेही त्यांना मला विचारावे लागले.

हे घर माझ्यानंतर प्रीतम आणि भूमिका यांचे, समान हिश्शाने. परंतु नागसेन हयात असेपर्यंत त्यांना संपूर्ण घरात राहण्याचा हक्क राहील, आणि तोवर घर विकता, गहाण ठेवता किंवा भाड्याने देता येणार नाही. प्रीतमने मला सुचवले होते, "आई, बाबाले मागच्या खोलीत ठेवू अन् समोरचं भाड्यानं देऊन टाकू." मागच्या खोलीला खिडकी नाही. प्रीतम, तू वाईट मुलगा नाहीस. पण हे कलम तुझ्यासाठी आहे.

२. पडवीत त्यांची खाट आहे, ती हलवू नये. चोरांची कितीही भीती वाटली तरी पडवीला लोखंडी जाळी बसवू नये. ते पडवीत का झोपतात यावर गल्लीत बरेच बोलले गेले, म्हणून खरे काय ते लिहिते. सुटून आले तेव्हा ते मला "जी" म्हणत. आंघोळीला जायचे तर दाराशी उभे राहून "जाऊ का जी?" विचारत. मी म्हणाले, "मले काहून विचारता? तुमचंच घर आहे ना!" ते मान हलवत आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारत. आम्ही एका खाटेवर झोपून पाहिले. नवरा-बायकोसारखे काही झाले नाही. त्यांच्याकडून नाही, आणि खरे सांगायचे तर माझ्याकडूनही नाही. शेजारी कोणाचा श्वास ऐकण्याची मला सवय राहिली नव्हती. एका दुपारी ते झोपेत कण्हत होते. मी खांद्याला हात लावला. त्यांनी डोळे न उघडताच माझे मनगट असे पिरगाळले की हाड मोडले. जाग आली तसे माझ्या हाताकडे बघत भिंतीशी जाऊन बसले.

दवाखान्यात मी न्हाणीघरात घसरले असे सांगितले. प्लास्टर घालून परत आले तर त्यांची खाट पडवीत गेलेली. म्हणाले, "मी तुह्याजवळ नाई झोपत. मले माह्याच हाताचा भरोसा नाई." त्यानंतर आम्ही कधी एका खाटेवर झोपलो नाही. लोकांना वाटते मी त्यांना बाहेर काढले. कोणी कोणाला काढले नाही. दोघेही थकलो होतो.

३. बँकेत जे असेल ते आधी त्यांच्या औषधपाण्यावर खर्च करावे, उरले तर भूमिकाचे. क्षय ते आतूनच घेऊन आले. गोळ्यांचा कोर्स पूर्ण झाला, खोकला राहिला. दात गेले, गुडघे गेले, डाव्या कानाने कमी ऐकू येते. दवाखान्यात त्यांना एकटे पाठवू नये. माझ्या ऑपरेशनच्या वेळी वॉर्डाच्या तोंडाशी लोखंडी सरकते दार होते आणि तिथला शिपाई पास बघूनच सोडत असे. ते पास घेऊन दारापर्यंत येत आणि परत फिरत. भूमिका चिडून म्हणाली होती, "बाबाले आईची काही पडलीच नाही." ते बाहेर कडुनिंबाखाली दिवसभर बसून असतात, हे मला आयाबाईने सांगितले. मग एक दिवस ते आत आले. शर्ट घामाने ओला, हातात खिचडीचा डबा. माझ्या खाटेजवळ न येता समोरच्या भिंतीला पाठ लावून उभे राहिले आणि म्हणाले, "जेवलीस का वं?"

सुटून आल्यापासून त्यांच्या तोंडून बायकोला म्हणायचा तो "वं" मी पहिल्यांदा ऐकला. टाके ओढले जातील म्हणून मी रडले नाही. भूमिका, हे तुला माहीत नव्हते.

४. माझे थोरले बंधू धोंडबा यांना, त्यांनी माझ्या लग्नात दिलेला पाण्याचा पितळी गुंड परत करावा. भूमिकाचे लग्न जमवताना मला न विचारता त्यांनी मुलाकडच्यांना सांगून टाकले की मुलीचे वडील वारले. कळले तेव्हा पत्रिका वाटून झाल्या होत्या. पुढे जावई हर्षित यांना खरे समजले, तेव्हा ते घरी आले, सासऱ्यांच्या पाया पडले आणि मला म्हणाले, "आई, मले आधी सांगितलं असतं तरी मी लग्न केलंच असतं." दादा, त्या गुंडात पाणी भरताना दर वेळी मला हे वाक्य आठवते. आता तुम्ही भरा.

५. शिलाई मशीन, कात्री आणि ब्लाऊजचे सगळे कागदी साचे गल्लीतल्या सोनिकाला द्यावेत. तिचा नवरा सध्या आत आहे, खटला चालू आहे. सोनिका, मशीनबरोबर काही सांगूनही ठेवते, कारण मला कोणी सांगितले नव्हते. तो येईल त्या दिवशी मटण करू नकोस. मी केले, त्यांनी आतल्या सवयीने भराभर गिळले आणि अंगणात जाऊन ओकले. पाहुणे बोलावू नकोस. उठवायचे तर लांबून नाव घेऊन हाक मार. छाती तपासून घे, तो नाही म्हणाला तरी. आत काय झाले ते खोदून विचारू नकोस. पण तो आपणहून बोलू लागला तर गॅसवरची भाजी करपली तरी उठू नकोस. आणि तू ज्याची वाट पाहून राहिली, तो येणार नाही. त्याच्या चेहऱ्याचा दुसराच कोणी येईल. त्याच्याशी तुझे जमेल, किंवा जमणार नाही. नाही जमले तर तो तुझा गुन्हा नाही, आणि त्याचाही नाही.

६. माझ्यामागे त्रिशरण-पंचशील घ्यावे, तेवढे पुरे. जेवणावळ करू नये. गर्दी त्यांना सोसत नाही.

७. या मृत्युपत्राची अंमलबजावणी वकील प्रीती ताकसांडे यांनी करावी.

इथवर झाल्यावर वकीलबाईंनी सगळे मोठ्याने वाचून दाखवले. नागसेन पडवीच्या दारात उभे राहून ऐकत होते. वकीलबाईंनी विचारले, "काका, तुम्हाला यात काही सांगायचंय?" वकीलबाई कागद आवरू लागल्या, तेव्हा ते म्हणाले, "घराचं तुमी पाहा. माही येक गोष्ट लिहा. मी आत होतो तवा माही माय मेली. मले कोनी सांगितलं नाई. तिची राख थंडी झाली, तवा मालूम पडलं. ही जाईन तवा मले पयले सांगजा."

म्हणून हे आणखी एक कलम.

८. माझा शेवट झाल्यावर सर्वांत आधी माझे पती नागसेन यांना सांगावे. प्रीतमच्या आधी, भूमिकाच्या आधी. आणि जमले तर शेवट होण्याआधीच त्यांना बोलावून घ्यावे. ते येईपर्यंत मी थांबायचा प्रयत्न करीन.

वरील मजकूर मी ऐकला, तो माझाच आहे, म्हणून सही करते.

देवकी नागसेन खोब्रागडे

लिहून ठेवणारीने आमच्या डोळ्यांदेखत सही केली आणि तिच्यासमोर आम्ही केली. आम्हा दोघांना यातून काही मिळणार नाही.

साक्षीदार:
१. डॉ. भैरवी अंजनकर, मानेवाडा, नागपूर
२. ओमप्रकाश शाहू, शेजारी, हुडकेश्वर, नागपूर

ठिकाण: राहते घर, हुडकेश्वर, नागपूर
दिनांक: ९ सप्टेंबर २०२५