पहिली खाच

आबा, आज आमच्या फिजिओथेरपीच्या खोलीत नवी खुर्ची आली. ज्यांना पाठ सावरत नाही, मान धरत नाही, अशा पेशंटना बसवायची खुर्ची, तुम्ही करायचा तसली. पण हिला खाचा नाहीत. हँडलखाली एक लिव्हर आहे, ती दाबली की पाठ हळूहळू मागे जाते आणि सोडली की जिथं असेल तिथंच थांबते. कंपनीचा पोरगेलासा माणूस मला म्हणाला, "मावशी, दाबून बघा, कुठल्याही कोनात थांबते." मी दाबलं. थांबली. परत दाबलं, तिथंही थांबली. तो हसत होता आणि मला तुमची आठवण आली. मायेनं आली नाही. तुम्ही जाऊन आठ वर्षं झाली, तरी तुमच्यावरचा राग काही जुना झालेला नाही. गंजलेला नट निदान तेल सोडलं की फिरतो.

तुमच्या हातात कसब नव्हतं असं कुणी म्हणणार नाही, मीही म्हणत नाही. चपला शिवणाऱ्या घरातला माणूस दवाखान्यात पट्टे शिवायला म्हणून गेला आणि खुर्च्यांचा मिस्त्री होऊन बसला. छातीचा पट्टा बगलेच्या दोन बोटं खाली, चामड्याची कड रापीनं अशी तासलेली की तान्ह्या पोराच्या गळ्याला बांधावी. दर सोमवारी सगळे नट तपासायचे, सांध्याला सायकलचं तेल एक थेंब, दुसरा थेंब पडला तर तो रेक्झिनवर ओघळतो. गादीच्या खाली तळहात सरकवायचा, बोटांनी वर चाचपायचं, माणसाचं हाड हाताला लागलं की फोम मेला, बदलायचा. हे सगळं मी तुमच्याकडूनच शिकले. पण इतक्या वर्षांत एकाही पेशंटला "बरं वाटतंय का" असं विचारताना मी तुम्हाला बघितलं नाही. तुम्ही खुर्चीला विचारायचा.

शिरोळकडची ती बाई मला अजून दिसते. मी तेव्हा तुमचा डबा घेऊन दवाखान्यात आले होते. लेकाला कोरं रेक्झिन टोचेल म्हणून तिनं घरची वाकळ चार घड्या करून त्याच्याखाली घातली होती. आमच्याकडं सगळ्याच बायका असंच करतात. उघड्या खुर्चीवर आजारी माणसाला बसवणं त्यांना बरं दिसत नाही. तुम्ही खोलीत आलात, पोराला एका हातानं उचललंत आणि वाकळ ओढून दारात टाकलीत.

"चार बोटं वर उचललंस त्याला. आता मान कुठं टेकायची? पाय कुठं टेकायचे?"

"लेकरू हाय ओ मिस्त्री, माया वाटती की."

"माया घरात ठेवायची. हितं माप चालतंय."

तुमचं बरोबर होतं. मान खरंच टेकत नव्हती. पण ती बाई दारातून वाकळ उचलून झटकत होती तेव्हा तिचं तोंड तुम्ही बघितलं नाही. मी बघितलं.

मग ऊस भरलेली ट्रॉली उलटली आणि तुमचे जावईच तुमच्या मापात आले. डॉक्टरांनी सांगितलं, मानेचा मणका. छातीखाली काही नाही. उजव्या हातात चमचा धरला तर तोंडापर्यंत येता येता अर्धा सांडायचा. तुम्ही महिनाभर खपून ह्यांची खुर्ची केलीत. बाजूला लोखंडाची गोल पट्टी, तिला तीन खाचा, दांडा उचलून ज्या खाचेत टाकाल तशी पाठ कलायची. पहिल्या खाचेत माणूस ताठ बसणार, दुसरीत मागे रेलणार, तिसरीत जवळजवळ आडवा. टेम्पोतून खुर्ची उतरवली तेव्हा मी पहिल्यांदा ती पट्टीच बघितली. पहिल्या खाचेवर तुम्ही पत्र्याचा तुकडा ठेवून रिव्हेट मारलेला होता.

मी विचारलं, "आबा, ही का बुजवली?"

"ताठ बसला की सगळा भार ढुंगणाच्या हाडावर. अर्ध्या तासात मागं कलवला न्हाई तर कातडं सडतंय. त्याला कळणार न्हाई, तिथं त्याला कायबी कळत न्हाई."

"मी कलवीन की अर्ध्या तासानं."

तुम्ही माझ्याकडं बघितलंही नाही. रिव्हेटवरून अंगठा फिरवला आणि चहा न घेता गेलात.

दुसऱ्या खाचेतून जग कसं दिसतं हे तुम्हाला ठाऊक नव्हतं. मी ह्यांच्या शेजारी डोकं टेकून बघितलंय. पत्र्याखालचे वासे दिसतात. दाराची वरची चौकट दिसते. गल्लीतनं जाणाऱ्यांची टोपी तेवढी दिसते, माणूस दिसत नाही. भेटायला आलेले ह्यांच्या तोंडावर वाकायचे आणि मोठ्यानं बोलायचे, जसं काही कानही गेलेत. जेवताना डाळ गालावरून कानात जायची. एकदा मी पुसत असताना हे म्हणाले, "सगळी मढ्याशी बोलल्यागत वाकून बोलत्यात. तुझ्या बापाला सांग, दिवसाकाठी तासभर तरी मला माणसात बसू दे."

म्हणून मी तुमच्याकडं आले होते. घरी नाही, तुमच्या कामाच्या जागी, कारण घरात तुम्ही बोलतच नव्हता. तिथं सिस्टर होत्या, दोन वॉर्डबॉय होते, पट्टा बसवायला आणलेला एक म्हातारा होता. मी हळू आवाजात विनंती केली. तुम्ही सगळ्यांना ऐकू जाईल असं उत्तर दिलंत.

"हिच्या हातात भाकरी करपती, हिच्या हातात माणूस द्यायचा व्हय? चुलीवर दूध ठिवती आन् पुस्तक वाचत बसती!"

वॉर्डबॉय हसले. म्हाताराही हसला. सिस्टर म्हणाल्या, "असू दे की ओ मिस्त्री, लेक हाय तुमची."

"लेक हाय म्हणूनच ठावं हाय."

चौथीतनं मला शाळेतून काढलं ते तुम्ही. पुढं पुड्यांचे कागद वाचत, मग शेजारणीच्या नावावर वाचनालयातून पुस्तकं आणत मी जे काही शिकले ते तुमच्या डोळ्यांआड शिकले, आणि तेच तुम्ही चार लोकांत माझ्या तोंडावर मारलंत. दूध एकदा उतू गेलं होतं, आबा. मी अकरा वर्षांची होते.

हे गेल्यावर तुम्ही साहेबांच्या पाया पडून मला दवाखान्यात तुमच्याच खात्यात चिकटवलंत. लोक म्हणतात ती तुमची माफी होती. मला तसं वाटत नाही. तुम्हाला हाताखाली माणूस हवा होता आणि मला भाकरी. तुमच्या शेजारी बसून पाच वर्षं मी पट्टे शिवले, फोम कापला, आणि एकदाही तुम्ही ह्यांचा विषय काढला नाही. मीही काढला नाही.

तुमच्या माघारी जोतिबाच्या डोंगरावरची एक बाई आली. गुलाल-खोबऱ्याचं दुकान, नवरा ह्यांच्यासारखाच छातीखाली गेलेला. त्याला गल्ल्यावर बसायचं होतं, ताठ, गिऱ्हाईकाच्या डोळ्याला डोळा देऊन. तुम्ही असता तर पत्रा मारून मोकळे झाला असता. मी खाच उघडी ठेवली. तिला समोर बसवून शिकवलं. घड्याळ लावायचं, अर्ध्या तासानं दांडा तिसऱ्या खाचेत, दोन मिनिटं थांबायचं, परत वर. रोज संध्याकाळी पालथा घालून कातडं बघायचं. बोटानं दाबून लाली गेली नाही तर दुसऱ्या दिवशी बसवायचं नाही, यात्रा असो नाहीतर काही असो. तिनं केलं. चार वर्षं केलं. तो पुढं छातीत कफ होऊन गेला, पण अंगावर एक फोड नव्हता, मी स्वतः बघायला गेले होते. म्हणजे करता येत होतं, आबा. एक अडाणी बाई गिऱ्हाईक सांभाळून ते करत होती. तुम्ही तुमच्या लेकीला तेवढंही धरलं नाहीत. माझा राग ह्यावर उभा आहे आणि तो खोटा नाही.

हा कागद तुमच्यापर्यंत जायचा नाही. जाणार असता तर मी इथंच थांबले असते.

चार लोकांत मला बोललात, त्याच महिन्यातल्या पौर्णिमेला तुम्ही नृसिंहवाडीला गेला होता. सकाळी मी छिन्नीनं रिव्हेटचं डोकं उडवलं, पत्रा काढला, आणि ह्यांना पहिल्या खाचेत बसवून दारात आणलं. पट्टा आवळला, समोर भिंतीवर घड्याळ होतं. ह्यांनी गल्ली बघितली. इतका वेळ बघितली की मला वाटलं रडतील. तेवढ्यात ह्यांच्याबरोबरचा जुना ड्रायव्हर तिकडून चालला होता, तो थबकला.

"अरे, पावणं बसलंय की दारात! कवा आलासा?"

हे म्हणाले, "तुझी उधारी मागायला आलोय."

दोघं हसले. मी चहा टाकला. ड्रायव्हरनं पायरीवर बसून कारखान्यावरच्या गोष्टी काढल्या, मुकादम कसा चिखलात पडला ते उठून करून दाखवलं. अपघातानंतर ह्यांचं असं हसणं मी ऐकलं नव्हतं. अर्धा तास झाला. मला माहीत होतं. तुम्ही म्हणाला होता मी विसरेन. मी विसरले नाही. मी घड्याळ बघितलं, ह्यांच्या तोंडाकडं बघितलं, आणि राहू दिलं. तास झाला तेव्हाही बघितलं. दांड्याला हात लावला असता तर हे परत वाशांकडं गेले असते आणि ड्रायव्हर उठून वाकून बोलायला लागला असता. दोन तास होऊन गेले.

संध्याकाळी रुपयाएवढी लाली होती. बोटानं दाबली, गेली नाही. चौथ्या दिवशी कातडं फुटलं. दीड महिना हे पालथे पडून होते, तोंड भिंतीकडं. जखम भरली, पण कातडं पहिल्यासारखं कधीच झालं नाही, आणि शेवटी जे झालं ते तिथूनच झालं. तुम्हाला मी सांगितलं होतं की चादरीची चुणी पडली.

पत्रा मीच परत ठेवला. रिव्हेट मीच मारला. पालथे पडल्या पडल्या ह्यांनी विचारलं, कसली ठोकाठोकी, आणि मी म्हणाले, आबा आलेत, खाच बुजवतात. त्यानंतर हे तुम्हाला तोंडावर शिव्या द्यायला लागले. तुम्ही दर रविवारी यायचा, नट आवळायचा, खाली मान घालून ऐकायचा. पहिल्याच रविवारी तुमचा अंगठा त्या रिव्हेटवर थांबला होता. माझा ठोका एका अंगाला गेला होता, तो तुमचा नव्हे हे तुम्हाला डोळे मिटूनही कळलं असतं. तुम्ही माझ्याकडं बघितलंत आणि म्हणालात, "चहा टाक." चार लोकांत माझी अब्रू काढणारा माणूस, तो नेमका त्या दिवशी गप्प बसला. हेही मी तुम्हाला माफ केलेलं नाही.

जायच्या आधी दोन दिवस हे म्हणाले, "तुझा बाप कसाई हाय." मी पाणी पाजत होते. मी म्हणाले, "व्हय."