ताटावरचा हात

प्रिय अमू,

फोनवर आपलं एक वाक्य धड होतं आणि दुसऱ्या वाक्याला रडं सुरू, म्हणून हे पत्र. तुझ्या नवऱ्याला, डॉमनिकला म्हणावं, हसू नकोस. जन्मभर शाळेत शिकवलेल्या बाईला कागदावरच नीट बोलता येतं. वसईला पाऊस उघडला असेल. इथे इंदूरजवळ राऊला सकाळी चांगलं ऊन पडतं, नानांची खाट मी खिडकीशी सरकवली आहे.

नाना आहेत तसेच आहेत. पक्षाघातात उजवी बाजू गेली, वाचा गेली, गिळणं गेलं, हे तू बघूनच गेली होतीस. मागे त्यांनी नाकातली नळी डाव्या हातानं उपटून काढली, आणि डॉक्टरांनी विचारलं, परत घालायची का? मी नको म्हणणार होते. पण तू फोनवर ओरडलीस, ताई, तू नानांना उपाशी मारतेयस. मी मुकाट्यानं नळी घालू दिली. पुढचं मात्र तुला सांगितलं नव्हतं. ती पुन्हा उपटू नये म्हणून त्यांचा डावा हात मऊ पट्टीनं खाटेला बांधलेला असतो. आपल्या नानांचा हात, अमू. रोज मीच बांधते.

सल्ले द्यायला माणसांची कमी नाही. आपल्या चर्चचे पाळकसाहेब येऊन गेले. म्हणाले, मारणं वेगळं आणि जाऊ देणं वेगळं, प्रार्थना करून घरच्यांनी ठरवावं. तुझे फादर काय म्हणतात ते तू ऐकवलंसच, की यंत्र नाकारता येईल, पण अन्नपाणी म्हणजे औषध नव्हे, शरीर घेतंय तोवर ते द्यायचंच. मंजिरीमावशीच्या महूच्या प्रार्थनामंडळीतले भाऊ तर कपाळाला तेल लावून प्रार्थना करून गेले आणि जाताना सुनावून गेले, विश्वास कमी पडतोय तुमचा, नाहीतर एव्हाना उठून बसले असते. देव एकच, पण त्याचे वकील किती! मी तिघांचंही ऐकून घेतलं आणि तिघांचंही थोडं थोडं पटलं, हीच तर पंचाईत आहे.

या दिवसांत तुझी मिताली सारखी आठवते. सोनोग्राफीत तुझ्या पोटातल्या बाळाची कवटीच नीट झालेली नाही असं निघालं आणि डॉक्टरांनी गर्भपात सुचवला. नानाही तेच म्हणाले होते. जे जगणार नाही त्याच्यासाठी पोरीनं इतके महिने का जळावं, प्रभू तिला दोष देणार नाही. मलाही तेच वाटलं. खरं सांगू? अजूनही वाटतं. लग्नानंतर कॅथलिक झाल्यापासून हिच्या डोक्यात भलतंच शिरलंय, असं मी आईजवळ बोललेही होते. तू कुणाशी वाद घातला नाहीस. ती हलते, एवढंच म्हणायचीस. मग ती जन्मली तेव्हा नाना स्वतः वसईला आले. तुमच्या फादरनी तिला बाप्तिस्मा दिला आणि ती जेमतेम एक दुपार जगली. त्यातला बराच वेळ ती नानांच्या मांडीवर होती. इंदूरला परतल्यावर ते मला म्हणाले, माझं मत बदललेलं नाही, शैला, पण त्या जिवाचं ऐकू येईल इतकं जवळ तिच्या आईशिवाय होतं कोण?

आता जे सांगायचंय ते तुझ्याशिवाय कुणाला कळायचं नाही. आपल्या घरी जेवणाच्या दोन प्रार्थना. आधीची कुणीही म्हणावी, नंतरची उपकारस्तुती मात्र नानांची. तळहात ताटावर पालथा ठेवायचे, डोळे मिटायचे, आभार मानायचे, की संपलं. मग घासभरही नाही. त्या नाताळला आई बासुंदी वाढायला विसरली आणि तोवर नानांचा हात ताटावर पडला होता. तू केवढं भोकाड पसरलंस! आभार मानून झाल्यावर पुन्हा ताट पुढे करणं म्हणजे देवाशी खोटं बोलणं, म्हणाले. बासुंदी आपण दुसऱ्या दिवशी पोह्यांबरोबर खाल्ली.

मी नळीतून दूध घालण्याआधी प्रार्थना म्हणते. हात बांधून प्रार्थना कसली, म्हणून तेवढ्यापुरती पट्टी सोडते. आधी हात नुसता पडून असायचा. आता मी आमेन म्हणून सिरिंज उचलली की तो हात हळूहळू वर येतो. नळी ओढत नाहीत, मला ढकलत नाहीत. सिरिंजच्या तोंडावर तळहात पालथा ठेवतात आणि डोळे मिटतात. ओठ हलतात. मी थांबते, मग हात बाजूला करते, बांधते, आणि दूध ओतते. दर वेळी. डॉक्टरांना दाखवलं तर म्हणाले, मॅडमजी, रिफ्लेक्स है, इतना मत सोचिए.

मला त्यात ताटावरचा हात दिसतो. आणि माझा माझ्यावरच विश्वास नाही, म्हणून हे पत्र. मी फार थकले आहे, अमू. कधी कधी वाटतं, ते सुटावेत आणि मीही सुटावं. अशा माणसाला हवं तेच दिसायचं. तुला तर ते हवे आहेत, कसेही असोत, हवे आहेत. म्हणून तू ये. तू येईपर्यंत नळी राहील, दूधही राहील, हा माझा शब्द. एकदा तू प्रार्थना म्हण, पट्टी तू सोड, सिरिंज तू धर. मी आत स्वयंपाकघरात थांबेन. तुला नुसती हाताची हालचाल दिसली, तर मी पुन्हा हा विषय काढणार नाही. पण तुलाही ताट दिसलं, तर मला हाक मार. तो हात बाजूला सारणं आता मला एकटीला जमत नाही.

तुझीच, वाट बघणारी
ताई