डावीकडे वाकवलेली तार

अण्णा,

सोल्डरिंग आयर्न तापत ठेवलंय आणि ते तापेपर्यंत तुम्हाला लिहितो आहे. टेबलावर तो बोर्ड आहे, बलूनबरोबर वर जाऊन आलेला. विद्यापीठातल्या बाईंना तो काचेच्या कपाटात मांडायचाय, चालू स्थितीत. एक कपॅसिटर गळलाय, बाकी ठणठणीत. तेवढा बदलायचा. दहा मिनिटांचं काम.

त्या हिवाळ्याचा एकेक दिवस मला आठवतो. माझ्या दुकानात दुरुस्तीचे टीव्ही येईनासे झाले होते, लोक जुना देऊन नवा रंगीत आणायला लागले होते. एअर फोर्सचे वायरलेस सेट जन्मभर सांभाळलेले तुम्ही, हात थरथरतो म्हणून आयर्नला शिवत नव्हता. तेव्हा याच बाई, नुकत्या नोकरीला लागलेल्या, सर्किटचा कागद घेऊन आल्या. डबा विमानांच्याही वर जाणार, तिथली थंडी आणि हवेचा दाब टिपणार, आणि ठरल्या वेळी एक तार तापवून बलूनची दोरी जाळणार, मग पॅराशूटनं खाली. हे सगळं सांभाळणारा छोटा कॉम्प्युटर जोडून द्यायचा होता. त्यांनी डिग्री विचारली नाही, म्हणून मी लगेच हो म्हणालो.

स्वयंपाकघराच्या टेबलावर, खिडकीच्या उन्हात, मी सोल्डरचे एकशे बारा टाके लावले. मोजून. तुम्ही शेजारी बसून मटार सोलताय. दोरी जाळणाऱ्या तारेकडे करंट जातो त्या वाटेवरच्या कपॅसिटरला मी टाका लावतो, आणि सोल्डर लवकर निवावं म्हणून फुंकर मारतो.

"आरं, फुंकतोस काय? चहा हाय व्हय त्यो?"

मी आयर्न पुढच्या टाक्यावर नेतो.

"निवताना हलला की आतनं कच्चा ऱ्हातो. वर गारठ्यात सुटला तर कोण जाणार हाय हलवून बघायला?"

"अण्णा, मी कुणाकडे शिकायला गेलो नाही आणि आता जाणारही नाही. माझ्या कामाला हात लावायचा नाही."

आई म्हणाली, "जेवा आता दोघं." तुम्ही पुढची शेंग उचललीत. त्या शेंगेचा आवाज अजून कानात आहे.

दुसऱ्या दिवशी बोर्ड पिशवीत घालून फ्रीजरमध्ये, त्याच मटारांशेजारी ठेवला. संध्याकाळी काढून चालवला, चालला. मी तुमच्यासमोर धरला. तुम्ही चष्म्यावरून बघत म्हणालात, "फ्रीजरच हाय त्यो. आभाळ न्हवं." मी तीन दिवस तुमच्याशी बोललो नाही. चौथ्या दिवशी दिल्लीहून बसनं येणारं पॅराशूटचं पार्सल घ्यायला बसस्टँडवर गेलो, तिथं बस लेट, दोन तास गेले. आल्यावर सरळ बोर्ड डब्यात बसवला आणि डबा टेपनं बंद केला. तपासलेलं पुन्हा काय तपासायचं?

मुल्लानपूरच्या शेतातून बलून सुटलं तेव्हा तुम्ही मफलर गुंडाळून घडीच्या स्टुलावर बसला होता. ठिपका दिसेनासा झाल्यावरही मान खाली केली नाहीत. रेडिओवर आकडे येत राहिले, ठरल्या मिनिटाला दोरी जळली. डबा पार अंबाल्याकडे पडला. ज्याच्या गव्हात पडला त्या सरदारजींनी डब्यावरचा नंबर बघून फोन केला, "बम तो नहीं है जी?" तुम्ही किती हसलात.

घरी आणून डबा उघडला, भिंग लावलं. माझी पद्धत तुम्हाला ठाऊक आहे, पार्टचा तारेचा पाय सरळ ठेवून कापायचा. त्या कपॅसिटरचा पाय बोर्डालगत डावीकडे वाकवलेला होता, तुम्ही डावखुरे वाकवायचात तसा, आणि त्यावरचा टाका आरशासारखा. तुम्ही दारात उभे होता.

"टाके टिकले का रं?"

"माझे सगळे टिकले."

"मग झालं," म्हणालात आणि चहा सांगायला आत गेलात.

उन्हाळ्याच्या आत तुम्ही गेलात. तेरावं झाल्यावर आईनं सांगितलं: मी स्टँडवर होतो त्या दुपारी तुम्ही आयर्न हातात घेतलंत, आणि हात हलू नये म्हणून तिनं दोन्ही हातांनी तुमचं मनगट धरून ठेवलं. "मला म्हणाले, श्वास घेऊ नकोस." अण्णा, त्यानंतर किती टाके लावले असतील मी. एकावरही फुंकर मारली नाही. निवेपर्यंत श्वास रोखून धरतो.

आज गळलाय तो तोच कपॅसिटर, आणि तो काढायचा म्हणजे तुमचा टाका वितळवायचा. आयर्न केव्हाच तापलंय. मघाशी लिहिता लिहिता उठून बाईंना फोन केला, म्हटलं, या मापाचा पार्ट आता मिळत नाही, बोर्ड बंदच मांडा. पार्ट समोर पडलाय, कालच आणलेला. त्या म्हणाल्या, "चालेल जी. खाली पाटी लावतो आहोत, सगळं काम तुमच्या एकट्याच्या हातचं, असंच लिहू ना?"

मी हो म्हणालो, अण्णा.