ठिकाण मी ठरवतो

३० मार्च, रविवार. गुढीपाडवा.
नवीन वर्ष, नवीन डायरी. कंपनीचीच, पण पहिल्या तीन महिन्यांची पानं कोरी असल्यामुळे नवीनच.
संकल्प एकच. या उन्हाळ्यात रत्नाला घेऊन तीन दिवस थंड हवेच्या ठिकाणी. दोघंच. लग्नाला बावीस वर्षं झाली, पण दोघंच असे कुठे गेलेलो नाही. आधी आई-बाबा होते, मग ऋतिका. ऋतिका आता नाशिकला होस्टेलवर. कल्पना रत्नाची आहे, पण अंमलबजावणी माझी, म्हणजे कल्पनाही माझीच धरायला हरकत नाही.
ती म्हणाली, सापुताऱ्याला जाऊ या. मला हसू आलं. सापुताऱ्याला कुणीही जातं. मी सांगितलं, ठिकाण मी ठरवतो. पाइपच्या कंपनीत डिस्पॅच इन्चार्ज आहे मी. रोज चौदा ट्रक देशभर पाठवतो. कुठला घाट कुठे वळतो, कुठला पूल पावसात बंद असतो, सगळं तोंडपाठ. चौदा ट्रक पाठवणाऱ्याला एक बायको नेणं काय अवघड?
एका आठवड्यात फायनल.

२ एप्रिल.
अकाउंट्सचा प्रेमराज मनालीहून आला. टूर कंपनीबरोबर गेला होता. मेंढरांसारखे बसमध्ये भरतात, शिट्टी वाजली की उतरवतात. डब्याच्या सुट्टीत फोटो दाखवले. एकशे ऐंशी. प्रत्येकात भाड्याचा कोट घालून तोच उभा, मागे बर्फ. हा गेला आणि आला, पण मनालीची समुद्रसपाटीपासून उंची किती, हे सांगता येईना. अशा माणसांना घराबाहेर सोडूच नये.

५ एप्रिल, शनिवार.
आठवडा झाला. फायनल नाही, पण एक्सेल शीट तयार. सात ठिकाणं, अकरा निकष: उंची, रस्त्याची रुंदी, घाटातली वळणं, पाणी, पार्किंग वगैरे. शंभरपैकी गुण. सत्तरच्या वर असेल तेच घ्यायचं.
सापुतारा: बेचाळीस. माथेरान: शून्य. जिथे गाडीच जात नाही ते ठिकाण कसलं?
रत्नाला शीट दाखवली. तिने विचारलं, यात 'बरं वाटतं का' असा रकाना कुठे आहे? ती बारावीपर्यंत शिकलेली आहे. रागावलो नाही.

९ एप्रिल.
ऐकीव माहितीवर माझा विश्वास नाही. म्हणून आज गेटवर जे ड्रायव्हर लोड घ्यायला आले त्यांनाच विचारलं. रोज रस्त्यावर असणारी माणसं. निष्कर्ष:
महाबळेश्वर. लोड गाडीचा घाटात क्लच जळतो. रद्द.
तोरणमाळ. दहा चाकी वळत नाही. वेटिंगवर.
चिखलदरा. वाटेत चहा बरा मिळत नाही. रद्द.
माउंट अबू. अमळनेरचा ड्रायव्हर म्हणाला, तिथे माल उतरवायला हमाल मिळत नाहीत. रद्द.
संध्याकाळी रत्नाला हे सगळं सांगितलं. तिने विचारलं, आपण ट्रकने जाणार आहोत का? लॉजिस्टिक्स हा विषय घरात समजावून सांगणं अशक्य आहे.

१३ एप्रिल, रविवार.
तारखा ठरल्या! ३० एप्रिल ते २ मे. एक मेला महाराष्ट्र दिनाची सुट्टी आयतीच. रजा फक्त दोन दिवस. असा हिशेब सुचायला डोकं लागतं. प्रेमराजला शंभर वर्षांत सुचणार नाही.
रत्नाला सांगितलं. तीस तारीख नक्की का, म्हणाली. नक्की, मी म्हणालो. मग बराच वेळ स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरसमोर उभी होती. आनंद झाला की ती अशीच गप्प होते.

१४ एप्रिल.
३० तारखेला आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आहे म्हणे. मी ऑफिसची सुट्ट्यांची यादी बघतो. त्यात आखाजी नसते, हा यादीचा दोष.
आखाजीला आमच्या खान्देशात लग्न झालेल्या झाडून सगळ्या पोरी माहेरी जातात. निंबाला झोके, गाणी, पुरणपोळी, आंब्याचा रस. रत्नाचं माहेर नरडाण्याजवळ. तिचा भाऊ वना दरवर्षी चार दिवस आधी मुराळी म्हणून न्यायला येतो. बावीस वर्षांत तिची एक आखाजी चुकलेली नाही. पाय प्लॅस्टरमध्ये होता त्या वर्षीही गेली आणि झोक्याजवळ खाटेवर बसून गाणी म्हणून आली. चाळिशीतल्या बायकांनी झोके खेळायचे, याला काय म्हणावं?
आज तिने स्वतःच फोन करून वडिलांना सांगितलं की यंदा येणार नाही, आम्ही दोघं बाहेर जातोय. अभिमन आबांचा आवाज मला पलीकडून ऐकू आला. बठ्ठ्या पोरी येतीन आन् तूच नही? रत्ना म्हणाली, एक वर्ष, आबा. फोन ठेवून पदराने डोळे पुसले.
मी तिला समजावलं की झोके आजकाल प्रत्येक हिल स्टेशनच्या बागेत असतात. तिने पीठ चाळायला घेतलं. पटलं असावं.

१८ एप्रिल.
वना कापसाचं बियाणं बघायला जळगावात आला होता. जाता जाता घरी. कुठे चाललात, म्हणून विचारलं. मी त्याला शीट उघडून सगळे निकष समजावले. पाऊण तास. त्याने दोन कप चहा घेतला आणि शेवटी म्हणाला, ते बठ्ठं ठीक शे दाजी, पन जानं कथं शे?
शेतकऱ्याला प्रोसेस कळत नाही. त्याला थेट पीकच दिसतं.

२१ एप्रिल, सोमवार.
त्रेचाळीस डिग्री. रत्नाने कपाटातून शाल काढून उन्हात टाकली. चालायचे बूट आणले. बावीस वर्षांत बूट घातलेले नाहीत, म्हणून रोज संध्याकाळी गच्चीवर चालून सवय करतेय. शेजारच्या लताबाईंना सांगून ठेवलंय की तीन दिवस तुळशीला पाणी घाला. आता लताबाई रोज सकाळी मला कुठे-कुठे म्हणून विचारतात. मी म्हणतो, लवकरच कळेल. दुसऱ्यांच्या प्रवासात नाक खुपसायची या गल्लीची जुनीच खोड.

२४ एप्रिल.
शर्यतीत दोनच: पचमढी आणि तोरणमाळ. पचमढीच्या तीन हॉटेलांना फोन केले. तिन्ही फुल. रेल्वेचं वेटिंग शहाऐंशी. लोकांना कामधंदे नाहीत.
तोरणमाळच्या एका लॉजवर खोली होती. मी मॅनेजरला आवाराची लांबी-रुंदी, गेटची उंची आणि गाडी एका दमात वळते का, एवढंच विचारलं. त्याने विचारलं, माणसं किती? मी म्हणालो, दोन. त्याने फोन ठेवला. उद्धट. तोरणमाळ कायमचं रद्द.

२६ एप्रिल, शनिवार.
वनाचा मुराळी म्हणून यायचा हाच दिवस असतो. आला नाही. रत्ना दिवसभर उगाच दारात.
मी केवळ तुलनेसाठी सापुताऱ्याला फोन केला. शेवटची एक खोली होती, दरीकडे तोंड असलेली. मॅनेजर म्हणाला, संध्याकाळपर्यंत कळवा. दबावाखाली निर्णय घेणारा माणूस मी नाही. फोन थेट उद्या सकाळी करणार.

२७ एप्रिल.
खोली गेली. बघा, अशी ही माणसं. बेचाळीस गुणसुद्धा जास्तच दिले होते.

२८ एप्रिल.
रत्नाने एकदाच विचारलं, जागा मिळाली का? मी सांगितलं, डिस्पॅचमध्ये सगळं शेवटच्या क्षणीच होतं, गाडी गेटबाहेर पडेपर्यंत काही खरं नसतं. तिने ऐकून घेतलं. मग बॅग उघडली, शाल काढली, घडी मोडून पुन्हा नीट घातली आणि कपाटात ठेवली. बूट मात्र दारातच आहेत. म्हणजे तिचा माझ्यावरचा विश्वास कायम आहे.

२९ एप्रिल, सकाळ.
सापडलं! इतके दिवस डोळ्यांसमोर होतं. निंबाची दाट सावली, विहिरीचं पाणी, घरचं जेवण, बुकिंगची भानगड नाही, आवारात ट्रकसुद्धा वळतो. शीटमध्ये भरून बघितलं, अठ्ठ्याऐंशी गुण!
ठिकाण: सासरवाडी. दोघं मिळून जायचं. तिची आखाजीही होईल आणि माझा प्लॅनही. एका दगडात नव्हे, एका रजेत दोन कामं. संध्याकाळी जाहीर करणार. तिचा चेहरा बघण्यासारखा होईल.

२९ एप्रिल, संध्याकाळ.
जाहीर केलं.
ती हसली नाही. हातातली भाजी खाली ठेवली आणि म्हणाली, मी जाते, तुम्ही राहा.
मला वाटलं, लाजली. समजावलं की जावई आलेला आबांना आवडेल. ती म्हणाली, आबांना आवडेल हो. पण आखाजीला मी तिथे कुणाची बायको नसते. वर्षातले तेवढेच दिवस माझे. ते यंदा तुम्हाला देऊन बसले होते, तुम्हाला ते ठेवायलाही जागा सापडली नाही.
यावर माझ्याकडे उत्तर होतं, पण तेवढ्यात तिने वनाला फोन लावला. तो तासाभरापूर्वीच कुठल्या तरी कामाने पारोळ्याला आला होता म्हणे. दीड तासात गाडी घेऊन दारात हजर. इतक्या घाईत फक्त अडाणी माणसं प्रवास करतात. रस्ता बघितला नाही, वेळ बघितली नाही, पाच मिनिटांत बहीण बसली आणि गाडी निघालीसुद्धा.
चालायचे बूट दारातच राहिले.

३० एप्रिल. आखाजी.
सकाळ. पंचेचाळीस डिग्री होणार म्हणतात. ऑफिसला जाता येत नाही, प्रेमराजला सांगून ठेवलंय की आम्ही उंचावर असू. खिडक्या-पडदे बंद करून बसलोय. दहा वाजता लताबाई तुळशीला पाणी घालायला आल्या. मी सोफ्यामागे बसलो. त्या माझ्याच दारात उभ्या राहून कुणाला तरी सांगत होत्या, नवरा असावा तर असा, घेऊन गेला बायकोला. अगदी बरोबर बोलल्या. पण ऐकायला बरं वाटलं नाही.

दुपार. खिचडी केली. लागली. खाल्ली.

संध्याकाळ, सहा. शीटमध्ये पुढच्या वर्षासाठी काही नोंदी करायच्या होत्या. केल्या नाहीत. आबांना फोन लावला. रत्ना पोहोचली का, एवढंच विचारायला. काल रात्रीच पोहोचली असणार, हे मलाही कळतं.
आबांनी उचलला. मागे झोक्यांचा आणि गाण्यांचा एवढा गलका की त्यांचं नीट ऐकू येईना. त्यात कुणीतरी बाई एकसारखी हसत होती, मोठमोठ्याने, दम लागेपर्यंत. मी जरा तिरसटपणेच विचारलं, कोण हो ती, एवढी हसतेय?
आबा म्हणाले, तुमनी रत्नाच शे ना, जवाईबापू.
मी पुन्हा ऐकलं. खरंच तीच होती. बावीस वर्षं एका घरात राहिलो आणि तिचं हे हसणं मी ओळखलं नाही. ओळखणार कुठून, ऐकलंच नव्हतं. फार वाईट वाटलं.
आबा म्हणाले, बोलवू का तिला?
नको म्हणालो. माझा फोन आहे म्हटल्यावर ती हसायची थांबली असती.